उजवीकडचा दिवा

"लागला का?" मी जीपमध्ये बसून विचारलं.

"लागला," मागून आनसा म्हणाली.

"कुटला?"

ती गाडीभोवती एक चक्कर मारून आली. मग म्हणाली, "समदंच लागल्यात."

मी खाली उतरून बघितलं. खरंच होतं. मी एकाच बाजूचा इंडिकेटर दिला होता, आणि मागचे दोन, पुढचे दोन असे चारी दिवे लागत-विझत होते. तेही किती घाईनं, तर शेपटीला डबा बांधलेलं कुत्रं पळावं तसं. मी परत आत बसलो, दांडी दुसऱ्या बाजूला केली. तरी चारी. मधे आणली तर सगळे बंद.

"मग बरंच की," आनसा पदरानं घाम पुसत म्हणाली. "लांबनं दिसतंय. पाव्हण्यास्नी दिसायचंच हाय न्हवं?"

"अगं, चारी लागून काय उपेग? मागच्याला कळाय नगो, मी कुटं वळतोय ते?"

"मग एका बाजूचं काढून ठेवा."

मी पुन्हा दांडी हलवली. मलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

त्या जीपवर मी आयुष्य काढलं. आजऱ्यापासून वरच्या वाड्यांपर्यंत माणसं, शेळ्या, सिमेंटची पोती, एकदा तर अख्खं लग्नाचं वऱ्हाड वाहिलं. पुढं रस्त्याला एसटी वाढल्या, पोरांकडं मोटरसायकली आल्या, आणि धंदा आपोआप बसला. मग जीप घरापुरती उरली. माझी एकुलती लेक विजयमाला, आमची माला, त्याच जीपमधून सासरी गेली होती. घाटापलीकडं, गडहिंग्लजच्या बाजूला, केरबा पाटलांच्या घरात दिली होती तिला. आता तिला सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. तिला आणायला मी त्याच जीपनं जाणार, हे तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून माझ्या मनात पक्कं होतं.

आणि तिथंच अडलं होतं. आमच्या गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला, केरबा पाव्हणे आले, तेव्हा मी त्यांना आजऱ्याहून जीपमधून आणत होतो. पाव्हणे माझ्या शेजारी बसलेले. ऊन रखरखीत. आमचा फाटा आला. फाट्याला उजवीकडं वळायचं, तो रस्ता मी झोपेतसुद्धा वळलो असतो. मी इंडिकेटर दिला आणि वळायला लागलो, तेवढ्यात मागून एक दुधाची गाडी उजव्या अंगानं पुढं आली. तिच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, माझं चाक गटारीत गेलं, आणि दोन गाड्यांत हातभर जागा राहिली.

तो पोरगा खाली उतरला. "काय ओ म्हातारबा," तो म्हणाला, "दावतायसा येक आणि वळतायसा येक."

"उजवीकडचा दिलावता मी," मी म्हणालो.

"कप्पाळ दिलावता." तो आणखी काही बोलला असता, पण शेजारी पांढऱ्या टोपीतले पाव्हणे बघून गप्प बसला आणि निघून गेला.

केरबा पाव्हणे घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. जेवणं झाली, पान लावून झालं, तेव्हा ते सुपारी कातरत म्हणाले, "सुबराव, रागाला येऊ नगासा. तुमच्या गाडीचं बल्ब मंद झाल्यात. उनात दिसतच न्हाईत. सूनबाई आता दोन जिवाची हाय. असल्या गाडीतनं मी तिला धाडायचो न्हाई."

स्वयंपाकघरात भांडी घासायचा आवाज थांबला.

"बदलतो की," मी म्हणालो.

"बदला. गाडी नीट एकदा मेस्त्रीला दावा. आनि मग या न्यायला. येत्या बुधवारपतोर झालं तर बगा."

पाव्हणे गेल्यावर आनसा उंबऱ्यात येऊन बसली. "पयलं बाळातपन सासरी झालं तर लोक आमच्या तोंडात श्यान घालतील," ती म्हणाली. "आनि पोरीला काय वाटंल? आय हाय, बा हाय, आनि न्याला कोन न्हाई."

मी ती दुपार जीपमागं काढली. इंडिकेटर लावला, मागं चालत चालत पार वडापर्यंत गेलो आणि वळून बघितलं. भर उन्हात जुना बल्ब पिवळाधमक दिसत होता. मला काही उमगेना. पण मुलाकडच्यांचा शब्द तो. त्यांना दिसत नाही म्हणजे दिसत नाही, मग माझ्या डोळ्याला कितीही दिसो.

म्हणून मी एसटीनं गडहिंग्लजला जाऊन एलईडीचे चार बल्ब आणले. मेस्त्रीकडं कशाला जायचं, चार बल्ब बदलायला मेस्त्री लागला तर इतकी वर्षं स्टेअरिंगची काय पूजा करत बसलो होतो? दुकानदार म्हणाला, "हे लावा आजोबा. मागच्याला गॉगल घालायला लागतोय बघा." मागच्या दिव्याची काच खोलली तर आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. ते खरवडलं, जुना बल्ब दाबून फिरवून काढला, नवा बसवला. तसे चारी. आणि आता ते चारी मिळून अंगणात नाचत होते.

तेवढ्यात दस्तगीर आला. दस्तगीर मुल्ला म्हणजे माझा जुना जोडीदार. एका रस्त्यावर आम्ही दोघांनी जीपा चालवल्या, एकमेकांचे पॅसेंजर पळवले, एकमेकांच्या पंक्चरी काढल्या. त्यानं पुढं टेंपो घेतला आणि त्याला एवढे रंगीत दिवे लावले, की पोरं त्याला वरात म्हणायची.

"काय सुबरावदा," तो दारातूनच म्हणाला, "जीपमदी गनपती बसवलास काय?"

"चेष्टा नगो. येक दिला की चारी लागत्यात."

"मग काय बिगडलं? सरळ जायचं." तो हसला. आमच्या बाजूला चौकात सरळ जायचं असलं की पोरं चारी दिवे लावतात. खरं तर ते गाडी बंद पडल्यावर लावायचे, पण पोरांना कोण सांगणार? "पोटुशी मालाला घिऊन सरळच जानार तू. वळायचं कामच न्हाई."

"दस्तगीरभावजी, चाय टाकू?" आनसा म्हणाली.

"टाका. पर आदी ह्याच्या जीपचं भूत काढतो."

तो डॅशबोर्डखाली आडवा झाला. त्याचे पाय दारातून बाहेर, आवाज आतून. "ह्ये बग. जुन्या बल्बाला करंट लागायचा रग्गड. ह्येला लागतोय चिमूटभर. गाडीला वाटतंय, कुटला तरी बल्ब उडालाय. म्हनून ती घाई कराय लागलीया. आनि तुज्या जीपला समोर हिरवा दिवा एकच हाय, दोनी बाजूंला मिळून. त्यातनं हिकडचा करंट तिकडं झिरपतोय. जुन्या बल्बाला तेवढ्यात कायबी व्हायचं न्हाई. ह्यो लगीच पेटतोय."

"म्हंजे नवं बल्बच खुळं?"

"बल्ब शानं हाईत. गाडी जुन्या वळनाची हाय, तुज्यागत."

त्यानं तो हिरवा दिवा काढून माझ्या हातात दिला. टेंपोतला जास्तीचा फ्लॅशर, म्हणजे दिवे लुकलुकवणारी डबी, आणून जुन्याच्या जागी बसवला. एवढीशी डबी ती, पण ती बसल्याबरोबर जीप शुद्धीवर आली. एका बाजूला दिला की एकाच बाजूचे दोन दिवे लागायला लागले, आणि टिक, टिक, टिक असा सावकाश आवाज. दिवे एवढे लख्ख, की आनसानं डोळ्यांवर हात धरला.

मला वाटलं, झालं. बुधवारी पोरगी घरी.

"आता येकदा नीट बगू," दस्तगीर म्हणाला. तो आनसाच्या शेजारी जीपच्या मागं जाऊन उभा राहिला. मी आत. "हं, उजवा दे."

मी दिला.

"उजवा दे म्हनलं."

"दिलाय की."

"डावा लागलाय, मर्दा."

मी आरशात बघितलं, पण आरशात अंगणाची भिंत दिसत होती. "उजवाच दिलाय," मी म्हणालो. "तू तारा उलट्या जोडल्यास."

त्याला ते पटलं. एवढ्या खटाटोपात तारा उलट्या होऊ शकतात. तो पुन्हा आडवा झाला, तारांची अदलाबदल केली, आणि मागं गेला. मी उजवा दिला. उजवा लागला. डावा दिला, डावा लागला.

"घ्या," दस्तगीर हात झटकत म्हणाला. "आता मी येकदा चालवून दावतो अंगनात." तो बसला, दांडी हलवली, आणि मान बाहेर काढून मागं बघितलं. मग तो तसाच थांबला. दांडी दुसऱ्या बाजूला केली. परत बघितलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"उलटं लागतंय."

"आत्ता तर बराबर हुतं."

"हुतं खरं." त्यानं डोकं खाजवलं आणि तारा पुन्हा पहिल्यासारख्या केल्या. आता तो बसला की उजव्याला उजवा लागत होता. मग त्यानं मला बसवलं. मी उजवा दिला.

मी मान वळवून मागं बघितलं.

"काय लागलं?"

"डावा," आनसा हळूच म्हणाली.

मी उतरलो. तो बसला. बरोबर. तो उतरला, मी बसलो. उलटं. जीप तीच, तारा त्याच, बल्ब नवेकोरे. माझ्या डोक्यात भुंगा फिरायला लागला.

"गाडी मानूस बगून दिवा लावतीया काय?" मी म्हणालो.

दस्तगीर हसला नाही. एरवी तो असल्या वाक्यावर अंगण डोक्यावर घ्यायचा.

मग मला वाटलं, चूक या दोघांची आहे. माणूस समोर उभा राहिला की त्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो, तसं काहीतरी यांचं होत असणार. मी त्यांना ते समजावून सांगितलं. दस्तगीर म्हणाला, "आमी मागं हुबा हाय सुबरावदा, समोर न्हाई." मी म्हणालो, "मागं काय आनि समोर काय, उलटं ते उलटंच." आनसावरही मी खेकसलो. "शाळंचं तोंड बगितलं न्हाईस, तुला काय कळतंय डावं-उजवं?"

"तुमी बगितलंवतं व्हय?" ती म्हणाली.

बघितलं नव्हतं. मला अक्षर आलं ते पन्नाशी उलटल्यावर. लग्नाआधी माला रोज संध्याकाळी मला पाटी घेऊन बसवायची. आधी रस्त्यावरच्या पाट्या वाचता येऊ लागल्या, मग एसटीवरची गावं, मग पेपर. कुठंही खडू दिसला की मी काहीतरी लिहायचोच. त्या दिवशीही मी कोनाड्यातला खडू घेतला आणि जीपच्या मागं जाऊन एका दिव्याखाली मोठा 'उ' काढला आणि दुसऱ्याखाली 'डा'.

"आता बगा," मी म्हणालो. "आता तरी चुकायचं न्हाईसा."

"मला काय वाचाय येतंय?" आनसा म्हणाली.

दस्तगीरला येत होतं. तो ती दोन अक्षरं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, परत अक्षरांकडं.

"कुनी शिकीवलं?"

"मालानं."

"अक्षर बेस हाय," तो म्हणाला. आणि त्यानं तळहातानं ती दोन्ही अक्षरं पुसून टाकली.

"पुसलंस का?"

"गाडी चांगली दिसत न्हाई, खडू मारल्यावर. चाय झाला का वयनी?"

चहा पिताना तो भलत्याच गोष्टी बोलत राहिला. डिझेलचं, त्याच्या पोराच्या दुकानाचं, कुणाच्या तरी म्हशीचं. कप खाली ठेवता ठेवता म्हणाला, "बुधवारी मी येतो. जीप मी चालवतो. तू आपला फेटा बांधून पाव्हन्यागत बस."

"मी का न्हाई चालवायची?"

"रुबाब दिसंल की."

"लेक माजी हाय, जीप माजी हाय. मीच आननार तिला."

त्यानं चपला घातल्या. आनसा त्याला दारापर्यंत घालवायला गेली. मला ओट्यावरून दोघं दिसत होती. आनसानं काहीतरी विचारलं. दस्तगीरनं एकदा स्वतःचा तळहात बघितला, त्यावर अजून खडू होता, आणि तिला काहीतरी सांगितलं. ती आत आली ती माझ्याकडं न बघताच चुलीपाशी गेली.

मला राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. बल्बाचा की दस्तगीरचा की केरबा पाव्हण्यांचा. मी पुन्हा जीपमध्ये जाऊन बसलो, दांडी वर-खाली करत राहिलो. दांडी वर. टिक टिक. दांडी खाली. टिक टिक. वर म्हणजे कुठला आणि खाली म्हणजे कुठला, हे जन्मभर मी कधी मनात म्हटलंच नव्हतं. हात आपोआप जायचा. आता मी मनात म्हणायला लागलो, आणि जेवढं म्हणावं तेवढं ते निसटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. तांदळाची भाकरी होती, वांग्याचं कालवण होतं. आनसा समोर बसली, पण तिनं स्वतःला वाढून घेतलं नव्हतं.

"अवं," ती म्हणाली, "येक इचारू?"

"इचार की."

"जेवायचं कुटल्या हातानं?"

"उजव्या. काय झालंय तुला?"

"आनि आता जेवताय त्यो हात कुटला?"

मी हाताकडं बघितलं. हातात भाकरीचा तुकडा, तुकड्याला कालवण लागलेलं. मी म्हणालो, "डावा."

तिनं त्या हाताकडं बोट केलं. मग माझ्या लक्षात आलं की ती का विचारतेय. मी पुन्हा हाताकडं बघितलं. जेवायचं उजव्या हातानं, हे मला पक्कं माहीत होतं. मी याच हातानं जेवत होतो, हेही दिसत होतं. आणि तरी त्या हाताचं नाव काढायला गेलं की तोंडात डावा हाच शब्द येत होता. दोन्ही उत्तरं मला खरी वाटत होती. मी तुकडा ताटात ठेवला. दुसरा हात वर करून बघितला. त्याचंही नाव मला सांगता येईना.

"कदीपास्नं?" मी आनसाला विचारलं. जणू तिलाच माझं जास्त माहीत होतं.

"मला काय ठावं?" ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण तिनं कालवणाची पळी उचलली आणि माझ्या ताटात वाढलं. "जेवा. कुटल्याबी हातानं जेवा."

मी जेवलो. जेवण झाल्यावर जीपची चावी खुंटीवरून काढली आणि तिच्यापुढं ठेवली. तिनं ती कमरेला खोचली.

बुधवारी दस्तगीरनं जीप चालवली. मी त्याच्या शेजारी बसलो. इतक्या वर्षांत त्या बाजूला मी कधी बसलो नव्हतो, पाय सारखा ब्रेक शोधत होता. आनसा मागं, मांडीवर लेकीसाठी केलेल्या लाडवांचा डबा. रस्ताभर माझ्या मनात एकच चाललं होतं. पाव्हण्यांना काही कळू द्यायचं नाही. दिवे दाखवायचे, पोरगी घ्यायची, निघायचं. डोक्याचं काय ते मागनं बघू. बाप असा झालाय हे कळलं, तर ते तिला धाडायचेच नाहीत.

केरबा पाव्हणे ओट्यावर वाट बघत होते. राम राम झाला. ते खाली उतरून जीपच्या मागं गेले. दस्तगीरनं आधी एका बाजूचा दिला, मग दुसऱ्या. त्या लख्ख दिव्यांनी त्यांच्या धोतरावर तांबूस उजेड पडत होता, भर उन्हात.

"बेस झालं," ते म्हणाले. पण त्यांच्या तोंडावर बेस झाल्यासारखं काही दिसत नव्हतं. "मेस्त्रीकडं नेलीवती गाडी?"

"न्हाई. घरीच केलं आमी. ह्यो दस्तगीर हुता."

"असं," ते म्हणाले. मग दस्तगीरकडं बघून, "आज तुमी कसं काय चालवायला?"

"त्येंचा हात दुकतोय," मागून आनसा चटकन म्हणाली.

"व्हय, हात," दस्तगीर म्हणाला.

तेवढ्यात माला दारात आली. पोट केवढं मोठं झालं होतं तिचं. चेहरा थोडा सुजलेला, पण हसत होती. "अप्पा," ती म्हणाली, "किती उशीर केलासा. मी सकाळधरनं पिशवी बांधून बसलेय." आणि ती एका हातानं कंबर धरून पायऱ्या उतरायला लागली.

ती पायऱ्या उतरत होती, आणि माझ्या डोळ्यांपुढं ती दुधाची गाडी आली. शेजारी पांढऱ्या टोपीतल्या पाव्हण्यांच्या जागी ही बसली असती तर? आज दस्तगीर होता. पण उद्या रात्री-अपरात्री पोटात कळ आली तर? दस्तगीर जवळ नसला, तर दिवे चांगले आहेत म्हणून चावी माझ्याच हातात येणार.

"हात दुकत न्हाई," मी म्हणालो.

आनसा म्हणाली, "अवं."

"ऱ्हाऊ दे." मी केरबा पाव्हण्यांकडं वळलो. "पाव्हनं, बल्ब चांगलंच हुतं. जुनंबी चांगलं हुतं. त्या दिशी फाट्यावर मीच उलटा दिवा दिलावता. मला डावं-उजवं कळंनासं झालंय. का झालंय, ठावं न्हाई. तुमास्नी पोरगी धाडायची नसंल, तर मी काय बोलनार न्हाई."

माला शेवटच्या पायरीवर थांबली.

केरबा पाव्हण्यांनी टोपी काढली, केसांवरून हात फिरवला आणि पुन्हा घातली. "मला ठावं हाय," ते म्हणाले.

"काय?"

"मी तुमच्या शेजारीच बसलोवतो न्हवं? तुमी दांडी वर केलीसा, ती मी बगितली. तोंडानं म्हनलासा उजवीकडं, आनि दांडी वर, म्हंजे डावीकडची."

"मग बल्ब मंद झाल्यात म्हनून का सांगितलासा?"

"मग काय सांगू?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला, पण राग स्वतःवर असल्यासारखा. "जेवायला बसवलासा, पान दिलासा, आनि मी तुमच्याच घरात, तुमच्या बायकूम्होरं तोंडावर सांगू, सुबराव, तुमचं डोस्कं काम करत न्हाई म्हनून? आमी मुलाकडचं. आमी तोंडानं साधं पानी जरी मागितलं, तरी मुलीकडच्यास्नी टोचतंय. म्हनलं, गाडी मेस्त्रीकडं न्याल. मेस्त्री म्हनंल, गाडीत काय खराबी न्हाई. मग तुमचं तुमास्नी उमजंल." ते जीपच्या मागच्या दिव्याकडं बघत म्हणाले, "तुमी खरोखरचं बल्ब बदलत बसशीला, ह्ये काय माज्या डोस्क्यात आलं न्हाई."

दस्तगीर खाली मान घालून हसू दाबत होता. मग त्याला आवरेना. मग आनसालाही, डोळ्यांना पदर लावून. मी हसलो नाही. मी विचार करत होतो, की दस्तगीरनं मी उलट्या दिव्यांखाली काढलेली अक्षरं पुसली आणि पाव्हण्यांनी बल्बावर ढकललं, दोघांनाही दिसलं होतं, आणि दोघांनीही मला सांगितलं नाही. मला ते बरं वाटलं की वाईट, हे मला आजही सांगता येत नाही.

"पोरगी धाडायची न्हाई, असं मी कदी म्हनलो?" केरबा पाव्हणे म्हणाले. "असल्या गाडीतनं न्हाई, म्हनलो. सूनबाई जाईल आजच. पर आदी गडहिंग्लजला थांबायचं. डाक्टर माज्या वळकीचा हाय. मीबी येतो."

डॉक्टरनं मला बोटं मोजायला लावली, कान धरायला लावले, कागदावर नाव लिहायला सांगितलं. मी जे लिहिलं ते बघून माला खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. डोक्यात एक बारीक शीर बंद पडली होती, रक्तदाबामुळं. केव्हा पडली, कुणालाच कळलं नाही, मला सुद्धा. गोळ्या सुरू झाल्या. अक्षर हळूहळू परत आलं, मालानंच ते दुसऱ्यांदा शिकवलं, मांडीवर बाळ घेऊन. डावं-उजवं मात्र पुरतं आलं नाही. जीप मी पुन्हा चालवली नाही.

त्या दिवशी डॉक्टरकडून बाहेर पडलो, तर जीपपाशी आल्यावर मी नुसताच उभा राहिलो. कुठल्या बाजूनं चढायचं, कुठं बसायचं, काही सुचेना. पाव्हणे पुढं बसले होते. दस्तगीरनं गाडी चालू केली होती. आनसा तोंड उघडून काहीतरी सांगणार होती, तेवढ्यात मालानं मागच्या बाकावरून हात पुढं केला आणि शेजारची जागा थोपटली.

"अप्पा, इकडं," ती म्हणाली.

मी इकडं बसलो. तेव्हापासून आमच्या घरात माझ्याशी बोलताना कुणी डावं-उजवं म्हणत नाही. नातू आता शाळेत जातो. त्याला सगळ्या दिशा येतात, तरी मला रस्ता पार करवताना तो बोट धरतो आणि एवढंच म्हणतो, "आबा, इकडं."